मुक्या फळ्या

सकाळपासून डोशी मंगिनच्या पायाला भिंगरी लागली होती. चर्चच्या पायऱ्या झाडून झाल्या, पुन्हा झाडल्या. खिडक्यांच्या काचा पुसल्या, त्यांवर आपल्याच बोटांचे ठसे उठले म्हणून परत पुसल्या. उद्या रविवारी माउंट निबो चर्च पुन्हा उघडायचं होतं. वादळाला दोन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात या बाईनं कुठं बूड टेकलं नव्हतं. आता सगळं काम संपलं होतं, तरी तिला बसवत नव्हतं.

"डोशे, बस की गं जरा!" पहिल्या बाकावरून मदर रोझीना ओरडल्या. बेलफेअर बेटावर चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला मदर म्हणतात, आणि रोझीनाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. "तुझ्याकडे बघून मला धाप लागली."

"मग बघू नका माझ्याकडे."

"कुणाकडे बघू? भिंतीकडे? हां, ती तरी आता एका जागी उभी राहते म्हणा."

डोशीला हसू आलं नाही. त्या सप्टेंबरात भिंती एका जागी राहिल्या नव्हत्या. चर्च होतं शिंपल्यांच्या चुन्यानं बांधलेल्या बुटक्या खांबांवर. गुलामगिरी सुटली त्याच्या दुसऱ्या वर्षी बेटावरच्या लोकांनी स्वतःच्या हातांनी पाइनची झाडं पाडून, फळ्या कापून ते उभं केलं होतं. डोशीच्या पणजोबाचाही करवतीला हात लागलेला. दीडशे वर्षं काही झालं नाही. मग समुद्राचं पाणी एका रात्रीत खालून शिरलं आणि अख्खं चर्च होडीसारखं उचलून दलदलीत नेऊन ठेवलं. सकाळी डोशी रोजच्या वाटेनं आली, तर समोर नुसते खांब. 

तेव्हापासून वारा जरा वाढला की तिची झोप उडायची. उठायची, खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं. चर्च तर तुकड्या-तुकड्यांनी शेडमध्ये रचून ठेवलेलं. पण झोप यायची नाही ती नाहीच.

दुरुस्तीचं काम बघायला कॉर्लिस व्हॉन नावाची अटलांटाची वास्तुरचनाकार मुलगी आली. जुन्या वास्तूंसाठी पैसे देणाऱ्या फंडानं तिला नेमलं होतं. तिनं नकाशा पसरून सांगितलं होतं, "मिस डोशी, परत खांबांवरच उभं करू या. खांब खोल नेऊ, लोखंडी पट्ट्यांनी वरचं खालचं आवळून टाकू."

"एकदा गेलं ना तरंगत?" डोशीनं तिला मध्येच तोडलं होतं. "मला ते हलायला नको. खाली काँक्रीट ओता, गच्च. चर्चच्या खालून मुंगीसुद्धा जाता कामा नये."

बांधकाम समितीची अध्यक्ष डोशी. बाकीच्यांच्या छातीतही वादळाची धडकी बसलेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. सपाट बुडाच्या बार्ज होडीवरून काँक्रीटचे ट्रक आले, चार फूट उंच भरीव जोतं तयार झालं, आणि जमिनीच्या, पणजोबाच्या काळातल्या फळ्या त्यावर नीट घासूनपुसून, सरसानं चिकटवून बसवल्या. खालचं जोतं सोडलं, तर जुना फोटो आणि नवं चर्च शेजारी ठेवलं असतं तरी कुणाला फरक सांगता आला नसता.

एवढी धावपळ कुणासाठी? चारचौघांत ती म्हणायची, देवासाठी. देवाची क्षमा मागून सांगायचं तर, एनॉकसाठी.

एनॉक तिचा थोरला भाऊ. बेटावर थोरल्या भावाला बब्बा म्हणतात, तसं तीही म्हणायची. वय चौऱ्याहत्तर, बायको नाही, दोघं भावंडं एकाच घरात. एनॉकनं सवाना शहराच्या गोदीत जहाजांचा गंज हातोडी-यंत्रानं पाडण्यात उभी हयात घातली आणि त्या यंत्रानं त्याचे दोन्ही कान खाल्ले. अर्धेमुर्धे नाहीत, साफ. तोफ उडाली तरी वळून बघायचा नाही. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचा, आणि एखादं बोलणं नको असलं की सरळ डोळे मिटून घ्यायचा. मग करा काय करायचं ते.

पण त्याला एक गोष्ट ऐकू यायची. रविवारच्या प्रार्थनेनंतर बाकं बाजूला सारून बेटावरची माणसं रिंगण धरतात. बायका पावलं न उचलता, पायात पाय न अडकवता घसटत फिरतात, कारण पाय उचलला तर ते नाचणं झालं, आणि देवाच्या घरात नाचत नाहीत. एकजण गाणं सांगतो, बाकीचे टाळ्या वाजवून उत्तर देतात, आणि भिंतीशी खुर्ची टाकून बसलेला एक माणूस हातातली काठी जमिनीवर आपटून ठेका धरतो. तो काठीवाला एनॉक. त्याच्या आधी त्याचा बाप होता. चर्च खांबांवर होतं, खाली पोकळ. जमिनीच्या फळ्या म्हणजे एक भलामोठा ढोल. एनॉक बूट-मोजे काढून बसायचा. गाणं सांगणाऱ्या रोझीनाबाई जड पावलाच्या; त्यांनी एक पाऊल टाकलं की ते याच्या तळव्यातून पोटरीत चढायचं. कुणी टाळी चुकवली तर हा तिकडे डोळे वटारायचा. कानवाल्यांना कळायच्या आधी याला कळायचं.

आठवड्यातला तो एक तास एनॉक बहिरा नसायचा. वादळानं तो तास नेला. तेव्हापासून तो पडवीत नुसता बसून असायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, न विचारलं तर नाही. डोशीला ते बघवत नव्हतं. तो तास त्याला परत मिळवून द्यायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

तर त्या शनिवारी दुपारी झाडता झाडता ती एनॉकच्या जागेपाशी आली. नव्या पॉलिशवर पाय जपून टाकत होती. काय मनात आलं कोण जाणे, तिनं झाडू उलटा केला आणि त्याचा दांडा जमिनीवर आपटला.

थक्.

तिनं पुन्हा आपटला, जोरानं. थक्. दगडावर आपटावा तसा. तिच्या हाताला झिणझिण्या आल्या, पण पायाला काही कळलं नाही. ती दोन हात पुढे सरकली, तिथं आपटला. मधल्या वाटेत आपटला. व्यासपीठापाशी जाऊन आपटला. सगळीकडे तेच.

"आता जमीन फोडतेस का?" रोझीनाबाई म्हणाल्या.

डोशीनं झाडू भिंतीला टेकवला. काँक्रीट गच्च हवं, असं ओरडून सांगणारी ती स्वतः. ट्रक आले तेव्हा टाळ्या वाजवणारी ती. भरीव ओट्यावर चिकटवलेल्या फळ्यांतून कुणाचं पाऊल कसं येणार? सगळं आयुष्य या रिंगणात गेलं, आणि एवढी साधी गोष्ट तिच्या टाळक्यात शिरली नव्हती. वाऱ्याची भीती इतकी मोठी झाली होती की तिच्याआड बाकी सगळं दिसेनासं झालं होतं.

ती तडक चर्चच्या पाद्र्यांच्या, रेव्हरंड गेलार्डांच्या घरी गेली. ते उद्याच्या पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते.

"जमीन मुकी आहे," ती म्हणाली.

"कोण मुकं आहे?"

"जमीन, जमीन! आवाज येत नाही पायाला. बब्बाला उद्या काही कळायचं नाही."

रेव्हरंडांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस भला, पण संकट आलं की चष्मा पुसायचा. "सिस्टर डोशी, उद्या सवानाहून माणसं येणार. वर्तमानपत्रवाले येणार. आता या घटकेला काय करणार आपण? प्रार्थना करू या."

"प्रार्थनेनं काँक्रीट पोकळ होतं का, रेव्हरंड?"

"तसं नव्हे..."

"मग राहू द्या."

कॉर्लिसला फोन लावला. ती उद्यासाठी बेटावरच उतरली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस डोशी, तुमच्या भावाचं मला कधी सांगितलंच नाहीत तुम्ही."

"सांगायला कशाला हवं होतं? बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे."

"मी बेटावरची नाही ना."

 डोशीनं फोन ठेवला आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

संध्याकाळी घरी आली तर एनॉक पडवीत उद्याची तयारी करत होता. हिकरीच्या लाकडाची नवी काठी त्यानं तासून गुळगुळीत केली होती. पांढरा सदरा दोरीवर वाळत होता. चुलीवर भेंडी आणि खेकड्यांचा रस्सा रटरटत होता; इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदा आपणहून रांधलं होतं. 

डोशी त्याच्यासमोर जाऊन बसली, त्याला ओठ दिसतील अशी. "बब्बा, मला तुला एक सांगायचंय. चर्चच्या जमिनीचं."

एनॉकनं डोळे मिटून घेतले.

"बब्बा! उघड डोळे. अरे, महत्त्वाचं आहे." तिनं त्याचा गुडघा हलवला. तो मिटल्या डोळ्यांनी काठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या बेमाप आवाजात, "रस्सा खाली लागेल. बघ जा." रस्सा खरंच खाली लागला होता.

रविवार उजाडला तो ऊन घेऊन. बाया पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला पांढरे रुमाल. सवानाचे पाहुणे, कॅमेरेवाले, बेट सोडून शहरात गेलेल्या पोराबाळांच्या गाड्या. जो तो आत येऊन भिंतींना हात लावत होता, रडत होता, डोशीचे हात हातात घेऊन म्हणत होता, "पोरी, तू करून दाखवलंस!" प्रत्येक वेळी तिला आणखी कसंनुसं व्हायचं. भाषणं झाली. रेव्हरंडांचं प्रवचन झालं. मग बाकं सरकवली.

एनॉक खुर्चीत बसला. बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, तळवे जमिनीला टेकवले. डोशी समोरच्या भिंतीशी उभी होती. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. रोझीनाबाईंनी गाणं उचललं आणि एनॉकची काठी पडली.

चुकली नाही! बाईंचे ओठ, बायांच्या टाळ्या, वळणारे खांदे, सगळीकडे त्याचे डोळे भिरभिरत होते आणि काठी ठेक्यावर पडत होती. डोशीचा श्वास जरा खाली आला. कोण जाणे, येतही असेल काही. थोडंसं तरी येत असेल. त्याच्या तोंडावर तर हसू होतं.

रिंगण फिरत राहिलं, पण त्याला रंग चढेना. एरवी पाचव्या-सहाव्या फेरीला माणसांना घाम फुटायचा, पाठीमागून कुणीतरी हाक द्यायचं. आज सगळे परक्याच्या घरी आल्यासारखे जपून फिरत होते. रोझीनाबाईंनी एक ओळ टाकली, दुसरी टाकली, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज तुटला. त्यांनी तोंडाला रुमाल लावला. बायांना वाटलं, म्हातारीला भरून आलं. त्याही थांबल्या. टाळ्या विरल्या. चर्च गप्प झालं.

आणि एनॉकची काठी चालूच होती.

बाईंच्या तोंडावर रुमाल होता, त्यामागे ओठ हलताहेत असं तो धरून चालला असावा. बाकीच्या बाईंकडे वळून उभ्या, त्यांच्या पाठी त्याच्याकडे; टाळ्या थांबल्याचं त्याला दिसत नव्हतं. थक्, थक्, थक्. शंभर-दीडशे माणसं आणि एका काठीचा बोथट आवाज. म्हातारा हसऱ्या तोंडानं, मान डोलावत, कुणीच म्हणत नसलेल्या गाण्याला ठेका देत होता. वर्तमानपत्रवाल्या पोरानंसुद्धा कॅमेरा खाली घेतला. कुणी जाऊन त्याचा हात धरायला धजेना.

डोशीला ते असह्य झालं. ती रिंगणात घुसली, थेट त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तोंड उघडून गाऊ लागली. तिच्या आवाजाची बेटावर ख्याती होती. लहानपणी तिला गायक मंडळातून हात जोडून घरी पाठवलं होतं. सूर कुठं, ती कुठं. पण ओठ स्वच्छ, मोठे, एकेक शब्द त्याला दिसेल असा. मागून एका बाईनं टाळी धरली. मग दुसरीनं. कसंबसं गाणं शेवटाला नेलं. एनॉकनं काठी उचलून मांडीवर आडवी घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला. आता तो हसत नव्हता.

जेवणं बाहेर ओकच्या झाडांखाली होती. लाल भात, तळलेले मासे, रताळ्याची गोड पाई. एनॉक कडेच्या टेबलाशी ताट घेऊन बसला होता, शेजारी रोझीनाबाई. डोशी समोर जाऊन उभी राहिली.

"ऐकू आलं?"

"आलं. सगळं आलं," तो म्हणाला. "मासे छान झालेत."

"खोटं बोलू नकोस. देवाच्या दारात बसलायस."

एनॉकनं काटा खाली ठेवला. "तू कशी गातेस हे ऐकू आलं नाही, त्याबद्दल देवाचे आभार. लोकांची तोंडं बघितली मी."

"बब्बा!"

"काय बब्बा?" त्याचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "गोदीत जन्म काढला मी. भरीव काय न् पोकळ काय, मला कळत नाही? काँक्रीटचा पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हाच कळलं होतं."

डोशी बघतच राहिली. "तेव्हाच? मग तोंड शिवलं होतं का तुझं? एक शब्द बोलला असतास तर थांबवलं असतं मी!"

"म्हणून तर बोललो नाही." त्यानं ताट बाजूला सारलं. आता तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. "ट्रक आले त्या रात्री वारा सुटला होता. पडदा छताला लागत होता. मी तुझ्या खोलीच्या दाराशी आलो, म्हटलं, ही उठून बसली असेल. तर तू झोपलेली. आ वासून. चर्च गेल्यापासून पहिल्यांदा. उजाडेपर्यंत मी तिथं खुर्ची टाकून बसलो होतो, तू कूस सुद्धा बदलली नाहीस. मी म्हटलं, मिळवलं. काठी काय, पडली काय न् नाही पडली काय."

डोशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. रागही आला होता, इतका की समोरचं ताट त्याच्या डोक्यात घालावं. "आणि मी कुणासाठी हाडाची काडं करत होते? गाढवा, कुणासाठी?"

"माझ्यासाठी. म्हणून सांगतो, पुरे. एका म्हाताऱ्यासाठी आणखी उकरायचं नाही काही."

"एका म्हाताऱ्यासाठी?" रोझीनाबाईंनी इतक्या जोरात टेबलावर हात मारला की पेले हलले. एनॉकला तो हादरा कळला. तो त्यांच्याकडे वळला. "अरे, मी का थांबले? सगळे म्हणतात, मदरला भरून आलं. डोंबल! मी ओळ टाकली आणि खालून काही आलंच नाही. एक पाऊल नाही, काठी नाही. आपण विहिरीत दगड टाकावा आणि पाणी वाजूच नये, तसं. मला वाटलं, संपलं माझं." त्यांनी रुमाल टेबलावर टाकला. "मला वाटलं, मीच बहिरी झाले."

 पलीकडच्या टेबलावरून एक बाई म्हणाली, "मलापण वाटलं, पाय जड झालेत आपले." दुसरी म्हणाली, "मी म्हटलं, नवे बूट आहेत म्हणून असेल." एकेकीचं तेच. सगळ्यांना कळलं होतं आणि एकूण एक गप्प बसली होती, आजच्या दिवशी डोशीला काय बोलायचं म्हणून.

डोशीनं डोळे पुसले आणि कॉर्लिसला हाक मारली. "तू सांग. काय करता येईल?"

कॉर्लिस तिच्याकडे आली, खुर्चीत बसली. "काँक्रीट काढायचं नाही. चर्च त्याला बोल्टांनी जखडलंय, ते तसंच राहील. वारा कितीही येऊ दे. त्याच्यावर तुळया घालून जमीन उचलायची, मध्ये दीड फूट मोकळं सोडायचं."

"मग झालं की!"

"नाही झालं, मिस डोशी. फळ्या सरसानं चिकटवल्यात. त्या धड निघायच्या नाहीत. निम्म्या तरी फुटतील. आणि फंडाच्या लोकांना जर कळलं..."

"नव्या घालू त्यांच्या जागी."

"त्या तुमच्या पणजोबाच्या आहेत." ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "त्या कुणाला परत कापता यायच्या नाहीत."

दलदलीतून एकेक फळी डोशीनं स्वतः वेचली होती. चिखल धुऊन, उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून. दोन बोटांएवढी सडली म्हणून एक फळी टाकायला निघालेल्या सुताराशी ती भांडली होती. रेव्हरंड गेलार्डांनी चष्मा काढून पुसायला घेतला. एनॉक तिच्या ओठांकडे बघत होता आणि मान हलवत होता, नको, नको.

"पणजोबानं त्या फळ्या बघण्यासाठी कापल्या होत्या का?" डोशी म्हणाली. "फुटू देत."

सोमवारी सकाळी ती पहार घेऊन चर्चमध्ये आली. रेव्हरंड आले होते, कॉर्लिस होती, दोन-चार माणसं हत्यारं घेऊन उभी होती, पण पहिल्या फळीला हात लावायला कुणी पुढे होईना. एनॉकही आला होता, यायचं नाही असं ठासून सांगून. आपल्या खुर्चीच्या जागी तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि समोरच्या फळीवर त्यानं तळहात ठेवला, निरोपाला आल्यासारखा.

डोशीनं त्याच फळीच्या टोकाखाली पहारीचं तोंड घातलं. डोळे मिटले, मग उघडले. सगळं अंग टाकून पहार दाबली. सरस करकरला, फळीचं टोक वीतभर वर उचललं गेलं आणि फळी आरपार तडकली.

एनॉकचा हात तिथंच होता. त्यानं झटकन मान वर केली.

"हे आलं," तो म्हणाला.

 डोशीनं पहार पुढच्या फळीखाली घातली.